एमजीए आणि एमजीबीचे इंजिन : मूळ भाग ओळखणे आणि पुन्हा वापरणे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती एमजीए (१९५५ ते १९६२) आणि एमजीबी (१९६२ ते १९८०) या इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनला बनलेल्या गाड्यांच्या बी-सिरीज इंजिनांपुरती आहे. एमजीएचे ट्विन कॅम इंजिन यात धरलेले नाही, त्याचे शास्त्र निराळे. मापे इंचांत आणि मिलिमीटरमध्ये आहेत. गॅरेजच्या बोलीतला 'थाऊ' म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण ०.०२५ मि.मी.

इंजिन नंबर कुठे असतो आणि तो कसा वाचायचा?

ब्लॉकच्या उजव्या बाजूला, डायनामोजवळ, रिव्हेटने ठोकलेली छोटी धातूची पट्टी असते. नंबर थेट ब्लॉकवर कोरलेला नसतो. पुढचे निम्मे गोंधळ इथूनच सुरू होतात.

समजा पट्टीवर '१८जीबी-आरयू-एच' आणि पुढे आकडे आहेत. १८ म्हणजे १८०० सीसी गट (प्रत्यक्षात १७९८), जी म्हणजे एमजी आणि बी म्हणजे आवृत्ती. यू म्हणजे मधला गिअर दांडा, त्याआधी आर असेल तर ओव्हरड्राइव्ह. शेवटचे एच जास्त कॉम्प्रेशनचे (८.८ : १), एल कमी कॉम्प्रेशनचे (८ : १).

एमजीएच्या पट्ट्या १५जीबी, १५जीडी (१४८९ सीसी), १६जीए (१५८८ सीसी) आणि १६जीसी (१६२२ सीसी) अशा येतात. एमजीबीच्या १८जी आणि १८जीए या तीन मेन बेअरिंगच्या (क्रँकशाफ्टला आधार देणारी बेअरिंग). ऑक्टोबर १९६४ पासून १८जीबी आले आणि बेअरिंग पाच झाली. १९७१ पासून १८व्ही, त्यापुढे तीन आकडी क्रमांक.

पट्टी खरी की नंतर ठोकलेली?

कोऱ्या पट्ट्या विकत मिळतात, त्यामुळे पट्टी चकचकीत आहे म्हणजे गाडी अस्सल असे होत नाही, बहुधा उलटच. आधी रिव्हेट बघा. कारखान्यात हातोडीने ठोकून बसणारे भरीव रिव्हेट वापरत. मध्ये भोक असलेला अॅल्युमिनियमचा पॉप रिव्हेट दिसला की पट्टी एकदा तरी निघालेली आहे. मग पट्टीच्या कडेचा रंग बघा. जुन्या पट्टीच्या कडेने रंगाचे थर आणि तेलाची काजळी साचलेली असते, नव्या पट्टीखालून ब्लॉकचा रंग सलग गेलेला दिसतो. अक्षरांची खोली आणि ओळ सारखी आहे का, हे शेवटी.

पट्टीचा नमुनाच वेगळा असेल तर लगेच फसवणूक समजू नका. बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, एमजीची मालक कंपनी) स्वतःच दुरुस्त केलेली इंजिने 'गोल्ड सील' आणि 'सिल्व्हर सील' नावाने विकत असे. त्यांचा रंग सोनेरी किंवा चंदेरी, पट्टीही निराळी. टॅपेट कव्हरच्या कडेला खरवडल्यावर सोनेरी थर निघाला तर ते इंजिन त्या काळातलेच आहे, फक्त गाडीसोबत जन्मलेले नाही.

'मॅचिंग नंबर' (इंजिन त्याच गाडीचे मूळ असणे) कसे सिद्ध होते?

एमजीत चेसिस नंबर आणि इंजिन नंबर वेगवेगळ्या मालिकांत चालत. दोन्ही आकडे समोर ठेवून काहीच कळत नाही. कारखान्याच्या नोंदवहीत त्या चेसिसपुढे कोणता इंजिन नंबर लिहिला होता, तेच प्रमाण. इंग्लंडमध्ये गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मिळते. त्यात मूळ इंजिन नंबर, रंग, बांधणीची तारीख आणि गाडी कुठे पाठवली होती ते असते. इंजिन उघडण्याआधी हे मागवून घ्या. पट्टीवरचा नंबर नोंदीशी जुळला आणि पुढच्या प्रश्नातल्या खुणाही जुळल्या, तरच 'मूळ इंजिन' म्हणा.

पट्टीच नसेल तर ब्लॉक कसा ओळखायचा?

पट्टी असली तरी हे करावेच. ब्लॉक खोटे बोलत नाही.

ब्लॉकच्या बाजूला ओतीव आकडे शोधा. १६२२ किंवा १८०० असे उठावातले आकडे ग्रीसच्या थराखाली दडलेले असतात. मग मागच्या भागात आरपीएम मीटरच्या केबलची जागा आहे का बघा. तीन बेअरिंगच्या एमजीबीत आणि एमजीएत हे मीटर इंजिनावरून केबलने चाले. पाच बेअरिंगच्या इंजिनासोबत ते विजेवर चालणारे झाले.

इंजिन उघडे असेल तर बोअर (सिलिंडरचा व्यास) मोजा. सगळ्यांचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) एकच, ८८.९ मि.मी. बोअर मात्र १४८९ ला ७३.०२५, १५८८ ला ७५.३९, १६२२ ला ७६.२ आणि १७९८ ला ८०.२६ मि.मी. एखाद्याने आधी बोअर वाढवले असेल तर माप १०, २०, ३० किंवा ४० थाऊच्या टप्प्याने पुढे असेल, तेवढे वजा करा. ७४.०४ आले तर ते १४८९ चे '४० थाऊ' आहे, कुठलेही नवे इंजिन नव्हे.

हेड मूळ आहे का?

रॉकर कव्हर काढल्यावर हेडच्या वरच्या बाजूला ओतीव क्रमांक दिसतो. १२एच९०६ सुरुवातीच्या एमजीबीचा. १२एच१३२६ आणि १२एच२३८९ त्यानंतरचे. १२एच२९२३ हा १८व्ही इंजिनांचा, त्याचा इनलेट व्हॉल्व्ह १.६२५ इंची (४१.३ मि.मी.). आधीच्यांचा सुमारे १.५६ इंच. सीएएम११०६ आणखी उशिराचा. त्यात रॉकरकडे तेल जाण्याचे भोक सरकलेले आहे, म्हणून रॉकरचा पाय त्याच हेडचा लागतो. दुसरा लावला तर तेलाची वाट बंद होते आणि रॉकर शाफ्ट कोरडा चालतो.

१२एच२९२३ हे हेड जुन्या १८जीबीवर बसवलेले फार वेळा आढळते, कारण ते जास्त हवा ओढते. गाडी चांगली पळते, पण नोंदणीच्या किंवा प्रदर्शनाच्या दृष्टीने ती मूळ जोडी नाही. अमेरिकेला गेलेल्या काही हेडांना एक्झॉस्टमध्ये हवा सोडण्याची चार भोके असतात, बहुधा प्लग मारून बंद केलेली. भारतात आलेल्या गाडीवर असे हेड दिसले तर ते मागाहून आले असे धरायला हरकत नाही.

बाहेर लागलेल्या सामानाचे काय?

लुकास कंपनीच्या विजेच्या वस्तूंवर क्रमांक आणि बनल्याचा आठवडा-वर्ष ठोकलेले असते. डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर '२३ ६४' असेल तर १९६४ चा तेविसावा आठवडा. गाडीच्या बांधणीच्या तारखेआधी काही आठवड्यांचा शिक्का अपेक्षित असतो. शिक्का तारखेच्या नंतरचा असेल तर ती वस्तू मूळ नाही, प्रश्नच मिटला.

१९६७ पर्यंतच्या एमजीबीला सी४० डायनामो आणि पॉझिटिव्ह अर्थ, पुढच्या एमके टूला (दुसऱ्या आवृत्तीला) अल्टरनेटर आणि निगेटिव्ह अर्थ. एसयू कार्ब्युरेटर एमजीएला एच४, एमजीबीला आधी एचएस४ आणि नंतर एचआयएफ४. फ्लोट चेंबरच्या स्क्रूखाली अॅल्युमिनियमची छोटी पट्टी असते, तिच्यावर एयूसी किंवा एयूडीने सुरू होणारा क्रमांक. मिस्त्री लोक ती पहिल्या झटक्यात फेकून देतात. ती परत मिळवून जागेवर लावा, नाहीतर पुढे सुई कोणती घालायची यावर वाद होतात.

मूळ रंगही साक्ष देतो. एमजीएचे आणि सुरुवातीच्या एमजीबीचे इंजिन गडद तांबडे, १८व्ही काळे. रॉकर कव्हरवर रिव्हेटने लावलेल्या पट्ट्या असल्या तर कव्हर उलटून रिव्हेटची मागची बाजू बघा.

इंजिन उघडताना काय सांभाळायचे?

फोटो, चिठ्ठ्या आणि अंड्याचे ट्रे. टॅपेट आठ, पुशरॉड आठ, व्हॉल्व्ह आठ, सगळे ज्या जागेवरून निघाले त्या क्रमाने. मेन बेअरिंगच्या कॅप आणि कनेक्टिंग रॉडच्या कॅप कधीही अदलाबदल करू नयेत. त्या ब्लॉकवर किंवा रॉडवर बसवूनच बोअर केलेल्या असतात. खूण नसेल तर पंचने टिंब मारा, कापलेल्या रेषेवर नव्हे, बाजूला. जुन्या रॉडचे मोठे टोक तिरके कापलेले असते, पुढच्यांचे आडवे. दोन प्रकार एकाच इंजिनात निघाले तर त्याची आधी कधीतरी मोडतोड झाली आहे.

१८जीबीची गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी) मोकळी, दोन्हीकडे सर्क्लिप. १८जी आणि १८जीएमध्ये पिन रॉडच्या लहान टोकात बोल्टने आवळलेली. पुढच्या इंजिनांत ती प्रेसने बसवलेली असते आणि ती हातोडीने काढायला गेले की पिस्टन जातो.

साफ कसे करायचे?

लोखंडी ब्लॉक आणि हेडला गरम कॉस्टिकची टाकी चालते. अॅल्युमिनियमला ती अजिबात नको. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सोडतो. एसयूची बॉडी त्यात टाकली तर तासाभरात खडबडीत झालेली बाहेर येते. तिला केरोसीन, ब्रश आणि फार तर अल्ट्रासॉनिक टाकी.

काचेच्या मण्यांचा फवारा इंजिनाच्या आत जाणाऱ्या कोणत्याही भागावर नको. मणी तेलाच्या वाटेत अडकतात आणि पहिल्या ५० किलोमीटरमध्ये नवी बेअरिंग खरवडून काढतात. तेलाच्या वाटांचे सगळे प्लग काढा, लांब ब्रश घाला, मग कॉम्प्रेसरची हवा मारा. 'हवा मारली, झाले' असे सांगणाऱ्या गॅरेजात क्रँक ठेवू नका.

क्रँकशाफ्ट परत वापरता येते का?

बहुतेक वेळा येते. ओतीव नव्हे, घडीव स्टीलची असते. मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) दोन दिशांनी आणि दोन टोकांना मोजा. एमजीबीची मेन जर्नल २.१२६२ ते २.१२७ इंच (५४.००५ ते ५४.०२६ मि.मी.), रॉडची जर्नल १.८७५९ ते १.८७६४ इंच (४७.६५ ते ४७.६६ मि.मी.). एमजीएची मेन जर्नल साधारण २ इंच.

एका जर्नलमध्ये दोन दिशांचा फरक एक थाऊपेक्षा जास्त असेल किंवा नखाला ओरखडा लागत असेल तर ग्राइंडिंग. टप्पे १०, २०, ३०, ४० थाऊ. चाळीस झालेल्या क्रँकपुढे वाट नाही. मग धातू चढवून घासणे किंवा दुसरी शोधणे. ग्राइंडिंगवाल्याला एक गोष्ट लिहून द्या : कोपऱ्याची गोलाई होती तशीच ठेवायची. ती चौकोनी केली की तिथूनच क्रँक तुटते. ग्राइंड करण्याआधी मॅग्नेटिक तपासणी करून तडे बघा, नंतर नव्हे. आधीच तडकलेल्या क्रँकवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

बसवताना पुढे-मागे खेळ ४ ते ५ थाऊ, बेअरिंगमध्ये तेलाची फट १ ते २.७ थाऊ. थ्रस्ट वॉशर मधल्या मेन बेअरिंगला लागतात. तिथे आधी खरवडलेले असेल तर ओव्हरसाइज वॉशर मागवा.

मग नवीन काय घ्यावेच लागते?

बेअरिंग शेल, पिस्टन रिंग, गॅस्केट, सील, लॉक टॅब, टायमिंग चेन आणि टेन्शनरचे पॅड. रॉडचे बोल्टही बदला. हेडचे स्टड मात्र अनेकदा चांगले असतात. नट हाताने पूर्ण आट्यावर फिरवून बघा. मध्येच अडला तर स्टड ताणलेला आहे. हेड ४५ ते ५० पाउंड-फूट (६.२ ते ६.९ किलोग्रॅम-मीटर), मेन बेअरिंग ७० पाउंड-फूट. स्टडभोवती ब्लॉकचा पृष्ठभाग वर आला असेल तर भोकाची कड थोडी खरवडून घ्या, नाहीतर तिथे हेड बसत नाही आणि दोष गॅस्केटला जातो.

ब्लॉक गेला आहे असे केव्हा समजायचे?

फार क्वचित. बोअर ६० थाऊपर्यंत वाढवता येतो. त्यापुढे ड्राय स्लीव्ह घालून परत मूळ मापावर आणता येतो. मूळ पट्टीचा ब्लॉक वाचवायचा असेल तर स्लीव्हच चांगला, कारण १७९८ सीसी ब्लॉकमध्ये शेजारच्या बोअरमध्ये पाण्याला जागाच राहिलेली नाही. भिंत आणखी पातळ करायला काही उरत नाही.

किनारपट्टीवर उभ्या राहिलेल्या गाड्यांत खरे दुखणे पाण्याच्या जॅकेटमध्ये असते. नुसत्या नळाच्या पाण्यावर वर्षानुवर्षे चाललेल्या ब्लॉकमध्ये चौथ्या सिलिंडरच्या मागे गंजाचा चिखल घट्ट बसतो. कोअर प्लग (ब्लॉकच्या भोकांत बसवलेल्या धातूच्या चकत्या) सगळे काढा आणि वाकड्या तारेने तो उकरा. बाहेरून तडा असेल तर वेल्डिंगपेक्षा थंड पद्धतीचे मेटल स्टिचिंग. ओतीव लोखंड एका जागी तापवले की शेजारी नवा तडा जातो.

हेड तपासताना कुठे बघायचे?

मधल्या एक्झॉस्ट पोर्टच्या आसपास, दोन आणि तीन नंबरच्या चेंबरमध्ये, दोन व्हॉल्व्ह सीटमधल्या पट्ट्यात. मधला पोर्ट दोन सिलिंडरांचा सामायिक, म्हणून उष्णता तिथेच साचते. धुऊन सुकवा, लाल डाय लावा, १० ते १५ मिनिटे थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा. लाल रेघ उमटली तर तडा. सीटपुरता छोटा असेल तर सीट कापून निघतो, पाण्यापर्यंत गेला असेल तर प्रेशर टेस्टमध्ये बुडबुडे येतात.

सपाटी रूळपट्टी आणि फीलर गेजने बघा, दोन थाऊची पाती कुठे शिरत असेल तरच घासा. दरवेळी 'साफ करण्यासाठी' हेड प्लेन करणे ही आपल्याकडची वाईट सवय. प्रत्येक वेळी कॉम्प्रेशन वाढते आणि मूळ हेड कमी होत जाते.

शिसेविरहित पेट्रोल आणि ई२० (२० टक्के इथेनॉलचे पेट्रोल) साठी काय बदलावे?

भारतात शिसे असलेले पेट्रोल २००० साली बंद झाले. शिशाचा थर नसल्याने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जुन्या मऊ सीटमध्ये बसत जातो. लक्षण साधे : व्हॉल्व्हची फट १५ थाऊ (०.३८ मि.मी.) लावली आणि हजार-दीड हजार किलोमीटरमध्ये ती कमी झाली. रविवारी थोडी फिरणारी गाडी असेल तर लगेच कठीण सीट घालू नका, फट लिहून ठेवत जा. ती खरोखर कमी होत गेली तरच मशीनिंग. अनुभव नसलेल्या हातांनी सीटसाठी जास्त खोल कापले की पाण्याच्या जॅकेटला भोक पडते आणि चांगले हेड भंगारात जाते.

ई२० साठी इंजिनापेक्षा इंधनाची वाट महत्त्वाची. जुने रबरी पाइप, कार्ब्युरेटरचे सील आणि पंपाचे डायफ्रॅम इथेनॉलने फुगतात. पाइप विटॉन प्रकारचे घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामे करा.

जुना कॅम आणि टॅपेट चालतील का?

दोन्ही जुने, एकाच जोडीचे आणि त्याच जागी, तर चालतील. टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो. सरळ कडा टेकवून दोन्ही बाजूंनी उजेड दिसला पाहिजे. तो सपाट किंवा खोलगट झालेला असेल, खड्डे पडले असतील, तर आठही टाकून द्या. नवीन कॅमवर जुने टॅपेट कधीच नाही. तेल २०डब्ल्यू-५०, जस्ताचे प्रमाण चांगले असलेले. आधुनिक पातळ तेलाने या टॅपेटचे वाटोळे होते.

ऑइल पंप आणि रॉकर?

पंपाच्या दोन रोटरच्या टोकांमध्ये ६ थाऊ, बाहेरचा रोटर आणि बॉडीत १० थाऊ, वरून खेळ ५ थाऊ. याच्या आत असेल तर मूळ पंपच ठेवा. रॉकर शाफ्ट खालच्या बाजूने झिजतो, वरून तो छान दिसतो. म्हणून काढून फिरवून बघा. नख अडकले तर शाफ्ट नवा, रॉकर मूळ ठेवून बुश नवे.

एसयू आणि डिस्ट्रिब्युटर दुरुस्त करावेत की नवे घ्यावेत?

दुरुस्त. एसयूचा पिस्टन आणि वरचे डोम ही कारखान्यात जुळवलेली जोडी, दोन कार्ब्युरेटरांत अदलाबदल नको. ड्रॉप टेस्ट करा : डोम उलटा धरून भोके बंद केली की दीड इंची एसयूमध्ये तो ५ ते ७ सेकंदांत सरकावा. हवा चोरण्याची जागा थ्रॉटल स्पिंडल. बॉडीला बुश घालून नवा स्पिंडल, इतकेच बहुतेकांना लागते.

डिस्ट्रिब्युटरची बॉडी, वजने आणि स्प्रिंग मूळ ठेवा. कंडेन्सर आणि रोटर आर्म ही बाजारातली सर्वांत बेभरवशाची वस्तू. स्वस्त रोटरचा रिव्हेट आतून शाफ्टला ठिणगी देतो आणि गाडी गरम झाल्यावर बंद पडते. रिव्हेट नसलेला रोटर घ्या.

अँबेसेडरचे भाग लागतात का?

हा प्रश्न मुंबई-पुण्यात सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याला आधार आहे. अँबेसेडरला १९५९ पासून १४८९ सीसीचे बी-सिरीज इंजिन होते, म्हणजे एमजीए १५०० चे कुटुंबच. बोअर ७३.०२५, स्ट्रोक ८८.९, तीन मेन बेअरिंग. किरकोळ सामान, बोल्ट, टॅपेट कव्हरचे गॅस्केट, कोअर प्लग यांसाठी भंगार बाजार चाळायला हरकत नाही. पण अँबेसेडर एका कार्ब्युरेटरची आणि कमी कॉम्प्रेशनची होती. हेड, मॅनिफोल्ड, कॅम आणि पिस्टन नुसते 'बसतात' म्हणून घेऊ नका. पिस्टनची गजन पिनपासून डोक्यापर्यंतची उंची मोजून मूळाशी ताडून बघा. १७९८ सीसीच्या एमजीबीला पिस्टन, ब्लॉक आणि क्रँक यांतले काहीही नाही. पुढे आलेली डिझेल आणि १९९२ नंतरची इसुझु इंजिने यात मोडतच नाहीत.

आरटीओच्या दृष्टीने काय सांभाळायचे?

२०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांपेक्षा जुनी दुचाकी-चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुढच्या नोंदणीचे ५,०००, मुदत १० वर्षे. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. म्हणून हेरिटेज सर्टिफिकेट, पट्टीचा जवळून काढलेला फोटो आणि मशीनिंगची बिले एकत्र ठेवा. आरसी पुस्तकातला नंबर इंजिनावरच्या नंबराशी जुळत नसेल तर पट्टी 'दुरुस्त' करू नका, तो गुन्हा ठरू शकतो. बदललेले इंजिन रीतसर नोंदवून घ्या.

पहिल्यांदा सुरू करताना काय चुकते?

कोरडा पंप. बसवण्याआधी पंप पेट्रोलियम जेलीने भरा. फिल्टरमध्ये तेल घाला. मग सर्व प्लग काढून स्टार्टर फिरवा, तेलाचे मीटर हलेपर्यंत. पाच-सात सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा. नवीन कॅम असेल तर इंजिन सुरू झाल्याबरोबर २,००० आरपीएमवर २० मिनिटे, आयडलिंग नाही. पाण्यावर आणि तेलाच्या दाबावर डोळा ठेवा. गरम इंजिनात चालताना ५० ते ८० पीएसआय, आयडलिंगला १० ते २५. ५०० किलोमीटरनंतर तेल बदला, हेड थंड असताना पुन्हा आवळा आणि व्हॉल्व्हच्या फटी परत लावा.

काढलेले झिजलेले मूळ भाग भंगारात द्यायचे का?

नाही. चिठ्ठी लावून, तेलाचा हात फिरवून पेटीत ठेवा. झिजलेल्या कॅमवर परत धातू चढवता येतो आणि तडकलेल्या हेडवरचा ओतीव क्रमांक पुढच्या मालकाला पुरावा म्हणून लागतो. पेटी गाडीसोबत विकावी.